लॉकरची किल्ली आणि 'दीन' या शब्दाचा अर्थ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचे पत्र आले आहे. ख्रिस्ती धर्म दारिद्र्याची पूजा शिकवतो, इस्लाम पैसा मिळवायला शिकवतो, आणि दोन्हींत मधला रस्ता नाही, असे त्यांनी चार ओळींत सांगून टाकले आहे. ते पत्र मी तीनदा वाचले. लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा. पण दोन्ही ग्रंथ त्यांनी उघडलेले नाहीत हे पहिल्याच परिच्छेदात कळते. म्हणून माझे उत्तर लांबले तरी कृपया छापावे ही विनंती.

मी दांडिया बाजारात राहते. बडोद्यातल्याच एका बँकेत ३१ वर्षे नोकरी केली. शेवटची ११ वर्षे लॉकर विभाग माझ्याकडे होता. धर्मशास्त्राचे शिक्षण माझे नाही. आमच्या घरी गणपती बसतो, गौरी येतात, गुरुवारी दत्ताची आरती होते. हे दोन ग्रंथ मराठीतून वाचायची वेळ माझ्यावर आली ती माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे. ती आधी सांगते.

नोव्हेंबर महिना होता. बँकेत काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे की नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. पेन्शनचे टेबल सांभाळणारी सहकारी बाळंतपणाच्या रजेवर होती, ते काम माझ्याकडे आले होते. सकाळी अकराच्या सुमारास एक म्हाताऱ्या बाई आल्या. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो गेल्यावर फॅमिली पेन्शन मिळत होती. प्रतापनगरकडून चालत आल्या होत्या. सही येत नव्हती, अंगठा उठवायचा होता. मी त्यांचा अंगठा शाईच्या पॅडवर धरला आणि फॉर्मवर दाबला, तर नुसता काळा गोळा उठला. आयुष्यभर दुसऱ्यांची भांडी घासून अंगठ्याच्या रेघा पार गुळगुळीत झाल्या होत्या. दुसऱ्यांदा तेच. त्या माझ्याकडे बघून ओशाळल्या, जणू रेघा नसणे हा त्यांचा गुन्हा.

इतक्यात लॉकरचे एक मोठे ग्राहक आले. त्यांच्या तीन बोटांत अंगठ्या होत्या, एकीत पुष्कराज. मी बाईंना म्हटले, "बसा जरा," आणि उठले. साहेबांना खुर्ची दिली, चहा सांगितला, खाली लॉकरमध्ये घेऊन गेले. ते वर आले तेव्हा मुदत ठेवीची बोलणी निघाली. मग मॅनेजरसाहेबांच्या केबिनपर्यंत त्यांना पोचवून आले. बाकावर बसलेल्या बाईंची आठवण मला झाली तेव्हा दीड वाजून गेला होता. त्या तक्रार न करता उठल्या आणि म्हणाल्या, "बेन, आता घेता का?" आपण जिवंत आहोत एवढेच सांगायला त्या आल्या होत्या, आणि ते ऐकून घ्यायला मला अडीच तास लागले.

आमच्या शाखेत एक जुने शिपाई होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. माझ्याशी ते मोडक्या मराठीत बोलायचे. त्या दुपारी रेकॉर्ड रूममध्ये फायली काढून देताना म्हणाले, "बेन, आधी त्या बाईंचा फॉर्म घेतला असता तर अंगठीवाल्यांचं सोनं काही वितळणार नव्हतं." मी गप्प राहिले. मग त्यांनी मला कुराणातल्या एका सूरेबद्दल, म्हणजे अध्यायाबद्दल, सांगितले, ऐंशीव्या. तिचे नावच 'अबस', म्हणजे त्याने कपाळाला आठी घातली. हजरत मुहंमद पैगंबर मक्केतल्या कुरैश टोळीच्या सरदारांशी बोलत होते. हे मोठे लोक ऐकतील, मानतील, अशी आशा होती. तेवढ्यात अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम नावाचा एक आंधळा माणूस काही विचारायला आला. पैगंबरांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी तोंड फिरवले. त्यावर आयती (कुराणातली वचने) उतरल्या आणि त्यांत खुद्द पैगंबरांनाच विचारले गेले: ज्याला कशाची गरज वाटत नाही त्याच्यामागे तू लागतोस, आणि जो धडपडत, मनात भय धरून तुझ्याकडे आला त्याच्याकडे दुर्लक्ष करतोस?

मला तेव्हा काही सुचले नाही. पुढे वाचताना सुचले ते असे की तो माणूस आंधळा होता. ती आठी त्याला दिसलीसुद्धा नव्हती. त्याचा अपमान त्याला कळला नाही, तरी त्याची नोंद झाली, आणि ती नोंद आज चौदाशे वर्षे रोज कुठे ना कुठे मोठ्याने वाचली जाते आहे. ज्या धर्मग्रंथात खुद्द प्रेषिताला श्रीमंतांकडे झुकल्याबद्दल बोल लावलेला आहे, तो ग्रंथ 'पैसा मिळवायला शिकवतो' असे म्हणणे मला फार अन्यायाचे वाटते. तोच अब्दुल्ला पुढे मदिनेत इस्लाममधले पहिले अजान देणारे बिलाल यांच्याबरोबर अजान देत असे.

ख्रिस्ती ग्रंथ माझ्या हाती आला त्यानंतर पाच-सहा वर्षांनी. आई दवाखान्यात होती. रात्रपाळीच्या सिस्टर फतेगंजच्या होत्या, त्यांच्या पिशवीत मराठी नवा करार असे. आईला झोप लागली की मी तो मागून घ्यायचे. एका रात्री याकोबाचे पत्र उघडले गेले. दुसरा अध्याय, सुरुवातीलाच: तुमच्या सभेत सोन्याच्या अंगठ्या घातलेला, झगझगीत कपड्यांतला माणूस आला आणि मळक्या कपड्यांतला एक गरीबही आला, तुम्ही अंगठीवाल्याला म्हणता, इथे चांगल्या जागी बसा, आणि गरिबाला म्हणता, तू तिथे उभा राहा. मी पुस्तक मिटले. त्या अंगठ्या मी ओळखत होते. सिस्टरनी विचारले, काय झाले? मी त्यांना पेन्शनवाल्या बाईंची गोष्ट सांगितली. त्या एवढेच म्हणाल्या, "आमच्याकडे पण होतं ताई, स्पेशल रूम आणि जनरल वॉर्ड."

तर सांगायचे ते हे, की 'दारिद्र्याची पूजा' आणि 'संपत्तीची पूजा' अशी वाटणी करायला दोन्ही ग्रंथांत कुठे आधार नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात येशूचे वचन आहे: "जे आत्म्याने दीन ते धन्य, कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे." मूळ ग्रीक शब्द आहे 'प्तोखोस'. ग्रीकमध्ये कष्ट करून कसाबसा संसार चालवणाऱ्याला वेगळा शब्द आहे. 'प्तोखोस' म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही, जो हात पसरून बसला आहे. आता कुराणाची पस्तिसावी सूरा, पंधरावी आयत पाहा. तिथे सगळ्या मानवजातीला उद्देशून म्हटले आहे की लोकहो, तुम्ही अल्लाहचे फकीर आहात, आणि अल्लाह तो 'गनी', ज्याला कशाचीच गरज नाही. मूळ शब्द 'फुकरा', फकीरचे अनेकवचन. मराठीत आपण रोज बोलतो तोच हा फकीर. राजाही फकीर, सावकारही फकीर, रेल्वे गँगमनची विधवाही फकीर आणि लॉकरची इन्चार्जही फकीर. आपण हात पसरलेले आहोत हे ज्याला उमगले तो दीन. (मराठी 'दीन' आणि धर्म या अर्थाचा अरबी 'दीन' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण चाचांच्या तोंडून 'दीन' ऐकताना माझ्या मनात दोन्ही अर्थ एकदम यायचे.)

याच्या उलटे काय होते, तेही दोन्हीकडे सांगितले आहे. बँकेतल्या माणसाला विशेष कळेल असे एक उदाहरण बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात आहे. लावदिकीया हे आजच्या तुर्कस्तानातले शहर. पेढ्यांचे गाव; रोमन वक्ता सिसेरो याने आपल्या हुंड्या तिथे वटवल्या होत्या. काळ्या लोकरीसाठी ते प्रसिद्ध होते. इसवी सन ६० मध्ये भूकंपाने पडले तेव्हा रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभे राहिले, असे इतिहासकार टॅसिटस लिहितो. आपल्याला हे कौतुकाचेच वाटेल, मलाही वाटते. त्या गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, येशूचा निरोप येतो: तू म्हणतोस मी धनवान आहे, मला काही उणे नाही, पण तू कष्टी, दीन, दरिद्री, आंधळा आणि उघडा आहेस हे तुला कळत नाही. त्याच पुस्तकात थोडे आधी स्मुर्णाच्या मंडळीला म्हटले आहे: तुझे दारिद्र्य मला ठाऊक आहे, तरी तू धनवान आहेस. 'मला काही उणे नाही', हेच त्या श्रीमंत गावाचे दुखणे.

कुराणात हेच दुखणे कारूनच्या गोष्टीत आहे, अठ्ठाविसाव्या सूरेत. कारूनकडे एवढा खजिना की त्याच्या किल्ल्याच दांडग्या माणसांच्या टोळीला उचलताना जड व्हाव्यात. लोक म्हणाले, तोरा मिरवू नकोस, परलोकाचे बघ, आणि या जगातला आपला वाटाही विसरू नकोस. (मधला रस्ता नाही म्हणणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य वाचावे.) त्याचे उत्तर एका वाक्याचे: हे मला माझ्या ज्ञानामुळे मिळाले आहे. तो थाटात बाहेर पडला की बघणारे म्हणत, आपल्यालाही असे मिळाले असते तर! पुढे जमिनीने त्याला घरादारासकट गिळले, तेव्हा आदल्या दिवशी हेवा करणारे तेच लोक म्हणू लागले, अल्लाहची कृपा नसती तर जमिनीने आपल्यालाही गिळले असते.

किल्ल्यांचे वजन मला माहीत आहे. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक ग्राहकाची. आधी माझी किल्ली फिरायची, मग त्यांची. लोक म्हणायचे 'माझा लॉकर', पण माझ्या किल्लीशिवाय तो उघडत नसे, आणि माझीही किल्ली काही माझी नव्हती, संध्याकाळी जमा करून सही करायची. ग्राहक वारला आणि त्याची किल्ली सापडली नाही तर लॉकर फोडायचा दिवस येई. वारसदार, दोन साक्षीदार, ड्रिल घेऊन कंपनीचा माणूस. असे बरेच लॉकर मी उघडताना पाहिले. एकात पाटल्या, बिलवर, चांदीचे करंडे सगळे जिथल्या तिथे होते आणि वारस भाऊ एकमेकांशी न बोलता यादीवर सह्या करून गेले. एका लॉकरमध्ये बाळाचे चांदीचे वाळे तेवढे निघाले, एकच पायाचे.

आणि एक शालू आठवतो. एक काकू चौदा वर्षांनी लॉकर उघडायला आल्या होत्या. लग्नातला शालू चोरीच्या भीतीने तिथे ठेवलेला. त्यांनी कापडी पिशवीतून तो काढला, मोठ्या हौसेने माझ्यासमोर उलगडला, आणि घडीच्या रेघेरेघेवर तो फाटत गेला. जरीचे काम काळे पडले होते. घडीच्या आतून बारीक, चंदेरी कसर पळाली. नव्या कराराच्या मराठी भाषांतरात येशूच्या वचनात हाच शब्द आहे: पृथ्वीवर आपल्यासाठी संपत्ती साठवू नका, तिथे कसर आणि जंग खाऊन नाश करतात आणि चोर घर फोडून चोरी करतात. काकू म्हणाल्या, "एकदाच नेसले हो." मी त्यांना पाणी आणून दिले.

आता आपल्या गावाबद्दल थोडे. श्रीमंत खंडेराव महाराज गायकवाड १८५६ ते १८७० गादीवर होते. मोत्यांचा गालिचा त्यांनीच करवून घेतला. रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर बसऱ्याचे पंधरा-वीस लाख बारीक मोती, मध्ये हिऱ्यांची फुले. मदिनेला पैगंबरांच्या कबरीसाठी तो भेट पाठवायचा महाराजांचा मानस होता, असे सांगतात. हिंदू राजाला मुसलमानांच्या पैगंबरांबद्दल एवढा आदर वाटावा, ही गोष्ट मला बडोदेकर म्हणून फार अभिमानाची वाटते. पण महाराज वारले आणि गालिचा इथेच राहिला. पुढे सीतादेवी महाराणींबरोबर तो मोनाकोला गेला, आणि २००९ साली दोह्याच्या लिलावात सुमारे ५४ लाख डॉलरना विकला गेला.

ज्यांच्या कबरीसाठी हा गालिचा होता, ते स्वतः कशावर झोपत? हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या आठवणींच्या संग्रहांत, त्यांचे सहकारी हजरत उमर यांची आठवण आहे. ते भेटायला गेले तेव्हा पैगंबर चटईवर पडलेले होते, मध्ये अंथरूण नव्हते, चटईचे वळ कुशीवर उमटले होते. उमर रडू लागले: कैसर आणि किस्रा, रोमचा आणि इराणचा बादशहा, त्या थाटात राहतात आणि आपण असे? आणि पैगंबर वारले तेव्हा त्यांचे चिलखत एका ज्यू माणसाकडे सातूच्या बदल्यात गहाण होते, हेही हदीसमध्येच आहे. गहाणखत म्हणजे काय ते मी ३१ वर्षे पाहिले आहे. साऱ्या अरबस्तानाने ज्यांचा शब्द मानला, त्यांच्या नावावर शेवटच्या दिवशी एक गहाण वस्तू होती. येशूबद्दलही मत्तयात आहेच, कोल्ह्यांना बिळे आणि पाखरांना घरटी आहेत, पण मला डोके टेकायला जागा नाही.

मग गालिचा चुकीचा होता का? यावर मी खूप विचार केला आहे आणि मला सोपे उत्तर देववत नाही, कारण शुभवर्तमानात एक गोष्ट आडवी येते. बेथानीला येशू जेवायला बसला असताना एक बाई जटामांसीच्या अस्सल तेलाची कुपी घेऊन आली. आपल्या हिमालयातलीच ही जटामांसी. किंमत तीनशे दिनारांहून अधिक, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तिने कुपी फोडली आणि सगळे तेल त्याच्या डोक्यावर ओतले. लोक चिडले: हे विकून गोरगरिबांना देता आले असते. येशू म्हणाला, तिला सोडा, का त्रास देता? गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत, मनात येईल तेव्हा त्यांचे बरे करू शकता. म्हणजे प्रेमाने केलेल्या खर्चाला त्याने उधळपट्टी म्हटले नाही. खंडेराव महाराजांच्या मोत्यांनाही मी म्हणणार नाही. पण कुपी फुटली होती. तेल परत येणार नव्हते. गालिचा मात्र खजिन्यात राहिला, सीमेपार गेला, बोलीवर चढला, आज कतारच्या संग्रहालयात आहे. दिलेले आणि द्यायचे म्हणून ठेवलेले, यांत एवढे अंतर पडते.

त्याच गादीवर नंतर आलेल्या मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या आणि १८७५ साली ते पदच्युत झाले. मग खंडेरावांच्या विधवा जमनाबाईसाहेबांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक घेतला. त्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. माझी आजी त्या शाळांमुळे लिहायला शिकली. तोफांमुळे आमच्या घरात कुणाला काही मिळाल्याचे मी ऐकलेले नाही.

पत्रलेखकांनी इस्लामबद्दल जे लिहिले त्याला सरळ उत्तर एका मराठी शब्दातही आहे. आपण 'दौलत' म्हणतो. तो अरबीतून आला आणि त्याच्या धातूचा अर्थ आहे फिरणे, एकाकडून दुसऱ्याकडे जाणे. कुराणाच्या एकोणसाठाव्या सूरेत, सातव्या आयतीत, याच धातूचा शब्द आहे: गावांकडून आलेले धन अनाथ, गरीब आणि वाटसरू यांना द्यायचे, म्हणजे ते तुमच्यातल्या श्रीमंतांमध्येच फिरत राहणार नाही. सत्तराव्या सूरेत भले लोक कोण ते सांगताना म्हटले आहे, ज्यांच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असतो. मूळ शब्दही 'हक्क'च. चाचांच्या घरी दर रमजानला बायकोच्या बांगड्या मांडवीला सराफाकडे तोलायला जात. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, त्या किमतीचे धन वर्षभर घरात राहिले तर त्याचा चाळिसावा हिस्सा जकात. मी एकदा म्हटले, "चाचा, तुमच्या पगारात हे कशाला?" ते म्हणाले, "बेन, तो हिस्सा माझा नाहीच. माझ्याकडे लॉकरमध्ये आहे समजा."

ख्रिस्ती ग्रंथात मात्र असा ठरलेला दर नाही, आणि हा फरक खरा आहे. एका श्रीमंत तरुणाला येशू सांगतो, असेल नसेल ते विकून गरिबांना दे. तो खिन्न होऊन जातो, आणि मग ते वचन येते, की श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे. जक्कय नावाचा जकातदार, म्हणजे रोमन सरकारसाठी कर गोळा करणारा, मात्र अर्धी संपत्ती देतो म्हणतो, आणि येशू त्याला म्हणतो, आज या घराला तारण मिळाले. एकाला सगळे, एकाला निम्मे. ज्याच्या हाताला जे चिकटले असेल ते. तो उंट आणि ती सुई कुराणातही आहे, सातव्या सूरेत. तिथे ती श्रीमंतांसाठी आलेली नाही, सत्य नाकारून तोरा मिरवणाऱ्यांसाठी आली आहे. दोन्ही जागा शेजारी ठेवून वाचल्या तर उंट सुईत का अडतो ते कळते.

एका गोष्टीवर मात्र माझे पत्रलेखकांशी थोडे जुळते, आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणा होईल. 'आत्म्याने दीन' या शब्दांचा फायदा पोट भरलेल्यांनी घेतला आहे. बंगल्यात राहून 'मी मनाने गरीबच आहे' म्हणता येते, आणि उपाशी माणसाला 'तू धन्य' म्हणून दारातून परत पाठवता येते. म्हणून मत्तयाबरोबर लूकचे शुभवर्तमानही वाचावे. तिथे 'आत्म्याने' हा शब्दच नाही. दीनहो, तुम्ही धन्य, एवढेच आहे, आणि चार ओळी खाली धनवानांना 'तुमची केवढी दुर्दशा होणार' असे आहे. लूकमध्येच तो लाजर नावाचा भिकारी आहे, फोडांनी भरलेला, श्रीमंताच्या दारात पडलेला. त्या श्रीमंताने त्याला मारले नव्हते की हाकलले नव्हते. तो फक्त दार ओलांडून येत-जात राहिला. कुराणात एकोणनव्वदावी सूरा सांगते की माणसाला मिळाले की तो म्हणतो देवाने माझा मान केला, आणि चणचण भासली की म्हणतो देवाने मला हिणवले. दोन्ही खोटे, खरे हे की तुम्ही अनाथाचा मान ठेवत नाही. आणि दुसऱ्या सूरेत, दोनशे त्र्याहत्तराव्या आयतीत, मला सर्वांत जवळची वाटणारी ओळ आहे. त्यात अशा गरिबांबद्दल सांगितले आहे की जे मागे लागून मागत नाहीत. अजाण माणसाला त्यांच्या संकोचामुळे ते खाऊनपिऊन सुखी वाटतात, पण तुम्ही त्यांना त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखाल. मी ओळखले नव्हते. त्या बाकावर बसून होत्या आणि मला वाटले, त्यांना घाई नसेल.

आपल्याच बडोद्यात वाढलेल्या विनोबांनी १९१६ साली घर सोडण्याआधी आपली प्रमाणपत्रे आईच्या चुलीत टाकली होती, आणि पुढे अरबी शिकून कुराण मुळातून वाचले, त्यातल्या निवडक आयतींचे संकलन केले, ख्रिस्ती ग्रंथांचेही केले. एवढे कष्ट आपण सगळ्यांनी घ्यावेत असे मी म्हणत नाही. मराठीत दोन्ही ग्रंथ मिळतात.

पत्रलेखकांना हवे असतील तर माझ्याकडचे न्यावेत. माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे, दुपारी चारनंतर मी घरी असते. पंधरा दिवसांत परत केले तरी चालेल. याकोबाच्या पत्राच्या पानात त्या नोव्हेंबरची तारीख लिहिलेली एक चिठ्ठी आहे, ती तेवढी तिथेच राहू द्यावी.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
दांडिया बाजार, बडोदा